न दिलेली खूण

डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या टीव्हीचा आवाज कायम बंद ठेवलेला असतो. आधीच मुलं रडत असतात, त्यात आणखी भर नको म्हणून. त्यामुळे बातमी आली ती मुकीच आली.

कॉरीन एल्सीला घेऊन लसीसाठी बसली होती. एल्सीला अजून चालता येत नव्हतं, पण उभं राहायची हौस दांडगी. आईच्या स्वेटरची लोकर मुठीत पकडून ती मांडीवर नाचत होती, आणि कॉरीन एका हातानं तिला सावरत दुसऱ्या हातानं खुर्चीखाली पडलेला मोजा चाचपत होती. मोजा सापडला. ती सरळ झाली आणि समोर पडद्यावर वेंडेल दिसला.

वेंडेल टिब्स टीव्हीवर दिसण्याचं मिलवॉकीत कुणाला नवल नव्हतं. शहराच्या बेसबॉल संघातला सगळ्यात मोठा पिचर तो. दर उन्हाळ्यात दूधवाल्यापेक्षा जास्त वेळा लोकांना त्याचं तोंड दिसायचं. पण आज डोक्यावरची टोपी वेगळी होती. फोटो जुनाच, गेल्या उन्हाळ्यातला. त्याच्यावर कुणीतरी घाईघाईनं दुसरी टोपी चिकटवली होती, कानाशी जरा तिरकी. निळी. शिकागोची, शेजारच्या जुन्या वैऱ्यांची.

कॉरीनला आधी वाटलं, कुणी चेष्टा केलीय.

पलीकडे एक गृहस्थ खोकणाऱ्या मुलीला थोपटत बसले होते. त्यांचा हात हवेत थांबला. “नाही,” ते म्हणाले. कुणालाच उद्देशून नाही. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, “नाही, नाही, नाही.”

आतून नर्स नाव पुकारत आली. “एल्सी ब्रँड–” पुढचं आडनाव तोंडातच राहिलं. ती टीव्हीकडे बघत राहिली. “शिकागो?” ती म्हणाली. “अहो, शिकागो? न्यूयॉर्कला गेला असता तर मी समजू शकले असते. पार चंद्रावर गेला असता तरी चाललं असतं. शिकागो?”

आणि मग एकेक करून सगळ्यांचे डोळे कॉरीनकडे वळले. ती कोण हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. वेंडेल चेंडू टाकतो आणि लाइल ब्रँडवोल्ड तो झेलतो, गेली दहा वर्षं. आणि ही लाइलची बायको. तिला तर आधीच माहीत असणार.

“मला काही माहीत नाही,” कॉरीन म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. “खरंच. मलाही हे आत्ताच…”

नर्सनं एल्सीच्या मांडीत सुई टोचली तेव्हा एल्सी रडली, पण नेहमीपेक्षा कमी. सगळेच एवढे गप्प होते की तिलाही बहुधा चमत्कारिक वाटलं असावं.

*

गाडीत बसल्यावर कॉरीननं चावी फिरवली नाही. मागे एल्सी हुंदके देत देत झोपेला लागली. काचेवर बर्फाचे बारीक कण जमत होते. ती नुसती बसून राहिली.

वेंडेलचा करार ऑक्टोबरात संपला होता. आता तो मोकळा. कुठल्याही क्लबनं बोली लावावी, कुठेही त्यानं जावं. लाइलचाही करार त्याच दिवशी संपला होता, पण त्याची बातमी कुठे आली नव्हती. छत्तीस वर्षांचा, गुडघे कुरकुरणारा, बॅटनं कधीमधीच चेंडू गाठणारा कॅचर. तिचे सासरे आर्नी म्हणायचे, “माझा पोरगा बॅट धरतो ती रिकामे हात कुठे ठेवायचे ते कळत नाही म्हणून.” पण वेंडेलला झेलायला लाइलच लागायचा. क्लबच्या व्यवस्थापकांनी तोंडावरच सांगितलं होतं, “वेंडेलचं ठरू दे. तो राहिला की तूही राहिलास.”

म्हणजे वेंडेल राहिला तर त्यांचं घर राहणार होतं. आर्नींचं खालचं बिऱ्हाड, त्यांचं वरचं, एल्सीची खोली, जिच्या भिंतीला लाइलनं स्वतः लोण्यासारखा पिवळा रंग दिला होता. नाही राहिला तर फेब्रुवारीत नव्या मोसमाच्या सरावाला लाइलला कुणी बोलावणार नव्हतं, आणि खेळाखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं.

हे सगळं घरात प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि याबद्दल घरात एकही शब्द कुणी काढला नव्हता.

ती लाइलची शिस्त. बेसबॉलच्या माणसांत एक रीत आहे. एखादा पिचर सामन्यात समोरच्याला एकही फटका धडपणे मारू देत नसेल, डावामागून डाव तसेच कोरे चालले असतील, तर त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. त्या गोष्टीचा उच्चार करायचा नाही. बाकावर त्याच्या शेजारून लोक उठून जातात. बोललं की मोडतं, अशी पक्की समजूत. चार उन्हाळ्यांमागे वेंडेलनं तसा अख्खा सामना कोरा काढला, तेव्हा लाइल शेवटचे तीन डाव त्याच्याशी एक अक्षर बोलला नव्हता. फक्त बोटांनी खुणा. घरी आर्नी रेडिओसमोर बसून होते, ते सामना संपेपर्यंत लघवीलाही उठले नव्हते. अजून अभिमानानं सांगतात.

ऑक्टोबरात करार संपला त्या रात्री लाइल कॉरीनला म्हणाला होता, “सातवा डाव चालू आहे असं समज. मधे कुणी बोलायचं नाही. चांगलं चाललंय.”

“पण विचारायला काय हरकत आहे? तो आपला आहे, लाइल.”

“म्हणूनच.”

आणि मग ते गप्प राहिले. दर शुक्रवारी दोन्ही कुटुंबं मासे खायला एकत्र जायची, चर्चच्या तळघरात, लांब टेबलांवर, गेली कितीतरी वर्षं. तळलेला कॉड, बटाट्याची धिरडी, सफरचंदाचा गर, राईचा पाव. वेंडेल मूळचा जॉर्जियाचा, पहिल्या शुक्रवारी त्यानं मासा तोंडात घातला आणि विचारलं होतं, “याला अजून शिजवायचाय का?” तेव्हापासून तो तिखट सॉसची बाटली खिशात घालून यायचा. एक बाटली कॉरीनच्या फ्रिजच्या दारात कायमची मुक्कामाला आली होती.

गेल्या शुक्रवारी एल्सीचा कान दुखत होता म्हणून मासे घरीच तळले. लाइलनं तळले. वेंडेल, त्याची बायको रोझलिन आणि त्यांच्या दोघी मुली आल्या. रोझलिननं काचेच्या भांड्यात पीचचं गोड आणलं होतं. सगळं नेहमीसारखं. मधेच वेंडेल ताटातला मासा काट्यानं इकडून तिकडे सरकवत म्हणाला, “पुढच्या आठवड्यात सांगायचंय मला. म्हणे आता थांबणार नाहीत कुणी.”

वेंडेल लाइलकडे बघत होता.

लाइल म्हणाला, “अजून एक तुकडा घे.”

वेंडेलनं तुकडा घेतला.

जेवण झाल्यावर कॉरीन भांडी धुवत होती आणि वेंडेल शेजारी उभा राहून पुसत होता. एकच ताट तो किती वेळ पुसत होता. कोरडं होऊन चकाकायला लागलं तरी पुसत होता. कॉरीनच्या पोटातून शब्द वर आले. अरे, नको ना जाऊस. एवढेच. तिनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मागे दारात लाइल उभा असल्याचं तिला जाणवलं. तिनं वळून पाहिलं. त्यानं मान हलवली. नाही. तिनं तोंड मिटलं आणि पुढची बशी पाण्यात बुडवली.

वेंडेलनं ताट फळीवर ठेवलं. “बरं,” तो म्हणाला. “मुलींना झोप आलीय. निघतो आम्ही.”

आता गाडीत बसून तिला ते “बरं” आठवलं, आणि ते डोक्यातून जाईना. का, ते तिला तेव्हा कळलं नाही.

*

घरी आर्नी स्वयंपाकघरात रेडिओसमोर उभे होते. बसायचंही त्यांना सुचलं नसावं. रेडिओवर माणसं ओरडत होती. कुणी रडत होतं, कुणी वेंडेलचे शर्ट जाळायची भाषा करत होतं.

“आलीस पोरी? ऐकलंस? शिकागो! अगं, माझ्या सख्ख्या भावानं शिकागोची मुलगी केली, तर आमच्या आईनं लग्नाच्या फोटोतून तिला कापून काढलं होतं.”

“लाइल कुठाय?”

“खाली. तासभर झाला, एक शब्द नाही. मी म्हटलं, अरे, निदान शिव्या तरी घाल. तर बादलीवर बसून ग्लोव्हला तेल लावतोय. ग्लोव्हचं पार लोणचं झालं असेल आत्तापर्यंत.”

झोपलेली एल्सी आर्नींच्या खांद्यावर देऊन कॉरीन तळघरात उतरली. लाइल पालथ्या बादलीवर बसला होता. मोठा गोल कॅचरचा ग्लोव्ह मांडीवर. हात तेलानं काळपट.

“तो बोलला तुझ्याशी?” तिनं विचारलं.

“नाही.”

“फोन तरी केला?”

लाइलनं जरा वेळ लावला. मग फोन तिच्यासमोर धरला. सकाळीच वेंडेलचा फोन येऊन गेला होता. उचललेला नव्हता.

“हे काय?” कॉरीन पायरीवर खाली बसली. “लाइल, हे काय आहे?”

“वाजत होता.”

“आणि तू उचलला नाहीस?”

“ठरायच्या आधी कसा बोलू? मला वाटलं, ठरलं की करेल परत. इथलंच ठरणार होतं, कॉरीन. मला खात्री होती. आणि मग बाबा वरून ओरडले.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. रागावायचं होतं, पण राग येईना. ती उठून वर आली. एल्सीच्या औषधासाठी फ्रिज उघडला, तर दारात तिखट सॉसची बाटली. अर्धी. झाकणाला सुकलेला लाल थर. तिनं फ्रिज बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिली.

ओट्यावर रोझलिनचं काचेचं भांडं धुऊन ठेवलेलं होतं. शुक्रवारपासून.

“मी रोझलिनचं भांडं देऊन येते,” ती म्हणाली.

“आत्ता?” आर्नी म्हणाले. “त्या घरी? बाहेर लोक जमले असतील, अंडी घेऊन.”

“जमू देत.”

ती कोट चढवायला लागली. आर्नींनी एल्सीला सावकाश तिच्याकडे दिलं आणि कपाटातून अर्धं राहिलेलं क्रिंगल काढून भांड्यात ठेवलं. अक्रोड घातलेली ती गोल गोड पोळी त्यांची स्वतःची होती. तिला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

“रिकामं भांडं परत नेतेस होय?” ते म्हणाले. “माणूस शिकागोला गेला म्हणून आपण रीत सोडायची?”

*

दारात लोक नव्हते. बर्फात फक्त एका माणसाच्या बुटांची वाट होती, पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलेली आणि तिथूनच परत फिरलेली. कुणीतरी आलं असावं आणि काही न करता निघून गेलं असावं.

दार वेंडेलनं उघडलं. पायात लोकरीचे मोजे, दाढी वाढलेली. त्यानं कॉरीनकडे पाहिलं, भांड्याकडे पाहिलं, एल्सीकडे पाहिलं. एल्सी त्याला बघून हसली आणि तिनं दोन्ही हात पुढे केले. त्यानं तिला घेतलं. नेहमी घ्यायचा तसंच, चेंडूसारखं एका पंजात.

“रोझलिन वर आहे,” तो म्हणाला. “मुलींना समजावतेय. ये.”

स्वयंपाकघरात ते उभेच राहिले. कॉरीननं भांडं ठेवलं. बोलायला काहीतरी ठरवून आली होती, ते सगळं विसरली.

“का?” एवढंच तिला म्हणता आलं.

वेंडेलनं एल्सीची टोपी सरळ केली. “तू विचारतेयस?”

“मग कोण विचारणार?”

“तेच ना. कुणीच नाही विचारलं.” त्याचा आवाज चढला नाही, पण जाड झाला. “इथला क्लबही शिकागोएवढंच देत होता, कॉरीन. मला इथंच राहायचं होतं. न्यूयॉर्कवाल्यांना मी केव्हाच नाही म्हटलं. मी फक्त तुम्ही काय म्हणताय त्याची वाट बघत होतो. दर शुक्रवारी यायचो, बसायचो. आज म्हणतील, आज म्हणतील. तुझा नवरा म्हणाला, अजून एक तुकडा घे.”

कॉरीननं भांडं उगाच जरा मागे सरकवलं.

“मग भांडी पुसताना तू बोलणार होतीस. मला कळलं होतं. बाहेर अंधार होता, तुमच्या ओट्यावरच्या खिडकीच्या काचेत सगळी खोली दिसत होती. तू तोंड उघडलंस आणि मागून त्यानं मान हलवली. मी पाहिलं.”

“अरे देवा,” कॉरीन म्हणाली.

“मी म्हटलं, बरं. तिला मी हवाय, त्याला नकोय. का नकोय तेही मला समजत होतं. दहा वर्षं माझे चेंडू झेलून त्याच्या गुडघ्यांची काय दशा झालीय. मी राहिलो की त्याला पुन्हा उकिडवं बसावं लागणार. मी गेलो की तो सुटला. तो चांगला माणूस, तोंडानं जा म्हणणार नाही. म्हणून बोलला नाही. आज सकाळी शेवटचा फोन केला. उचलला नाही. मग काय समजायचं मी?”

“वेंडेल, तो सातवा डाव पाळत होता!”

वेंडेल तिच्याकडे बघत राहिला.

“बोललं की मोडतं म्हणून. ऑक्टोबरपासून. आम्हाला कुणाला बोलू दिलं नाही त्यानं. तू राहणार असं तो धरून चालला होता. आणि तू गेलास की त्याला कुठेच जागा नाही, क्लबनं तसं सांगितलंय.”

वेंडेल खुर्चीत बसला. एल्सी त्याच्या छातीवर डोकं ठेवून सॉसचा डाग पडलेलं त्याचं बटण चोखायला लागली. वरच्या मजल्यावर मुलींच्या पावलांचा आवाज येत होता.

“दहा वर्षं,” तो शेवटी म्हणाला. “दहा वर्षं तो खाली बसून खूण करतो आणि मी टाकतो. मी ठरवत नाही, कॉरीन. लोकांना वाटतं मी ठरवतो. तो ठरवतो. एक बोट असेल तर जोराचा, दोन असतील तर वळणारा. बाकीच्यांनी खुणा पाठवायला कमरेला यंत्रं लावली, आम्ही बोटांवरच राहिलो. त्याच्या खुणेला मी नाही म्हटल्याचं आठवतच नाही मला. आणि एवढ्या मोठ्या गोष्टीला मी उभा राहून त्याच्याकडे बघतोय, बघतोय, आणि तो खूणच करत नाही.”

“आता मोडता नाही येणार?”

“सकाळीच शब्द दिलाय.” त्यानं मान खाली घातली. “शिकागो का, ते तरी विचार. सगळे मला शिव्या घालतायत. शिकागो, कारण इथून दीड तास. मुली शुक्रवारी तरी तुमच्याकडे येतील म्हणून. लांबचं एकही शहर मी मनात धरलं नाही.”

मग कॉरीन रडली. दवाखान्यात नाही, गाडीत नाही, आत्ता. काचेच्या भांड्यातल्या आर्नींच्या क्रिंगलसमोर उभी राहून.

*

लाइल अजून बादलीवरच होता. तिनं पायऱ्यांवर उभं राहूनच सगळं सांगितलं. खिडकीचं, फोनचं, दीड तासाचं. तो ऐकत होता. “खिडकीत?” मधे एकदाच म्हणाला. आणि तेलकट हात तोंडावर धरून बसला.

“मी त्याला सांगितलं,” कॉरीन म्हणाली. “की तू रीत पाळत होतास.”

लाइलनं हात खाली घेतला. गालावर तेलाचा पट्टा उमटला होता.

“रीत नव्हती,” तो म्हणाला. “म्हणजे होती. पण तेवढीच नव्हती.”

ती थांबली.

“मी काय म्हणणार होतो त्याला? थांब? कुणासाठी? तो राहिला तर माझी चूल पेटते, कॉरीन. तो नाही तर मी कोण आहे? मी थांब म्हटलं असतं तर ते मैत्रीतून की भुकेतून, माझं मलाच कळलं नसतं. त्याला कसं कळणार? मग बोलायचंच नाही म्हटलं. सातवा डाव म्हटलं. बरं पडतं तसं म्हणायला.”

तिच्या मनात आलं, एवढी वर्षं याच्याबरोबर काढली, आणि हे आज पहिल्यांदा ऐकतेय. तिनं खाली येऊन त्याच्या गालावरचं तेल एल्सीच्या लाळेऱ्यानं पुसलं. आणखी पसरलं.

“मला म्हणालास ना आत्ता?” ती म्हणाली. “मेलास का?”

“नाही.”

“मग त्यालाही म्हण. हेच. असंच.”

“आता काय उपयोग?”

“उपयोगाचं नाही बोलत मी. ऊठ.”

तो उठला. गुडघे करकरले. जाताना ग्लोव्ह बरोबर घेतला. का घेतला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

वरून आर्नींनी विचारलं, “कुठे निघालात?”

“वेंडेलकडे.”

“माझ्या क्रिंगलचं भांडं–”

“ते त्यांचंच भांडं होतं, आर्नी.”

“मग बरं,” म्हणून त्यांनी रेडिओ बंद केला. सकाळपासून पहिल्यांदा.

*

वेंडेल घरासमोरच्या फरशीवरचा बर्फ फावड्यानं ढकलत होता. गाडी थांबल्याचं त्यानं पाहिलं, पण ढकलायचा थांबला नाही. लाइल उतरला. दोघं समोरासमोर उभे राहिले, मधे साफ झालेल्या फरशीची काळी पट्टी. कुणी पुढे होईना. कॉरीन एल्सीला कोटात गुंडाळून गाडीला टेकून उभी राहिली. काही बोलायचं तिच्या जिभेवर आलं होतं. या वेळी तिनं स्वतःहून गिळलं. हे तिचं नव्हतं.

मग लाइल चालत गॅरेजच्या दारापाशी गेला, वळला, आणि हळूहळू खाली बसला. आधी एक गुडघा, मग दुसरा. ग्लोव्ह समोर धरला.

वेंडेलनं फावडं बर्फात रोवलं. “वेडा आहेस का? हिमात?”

लाइलनं ग्लोव्हमध्ये मूठ मारली. वेंडेल गॅरेजमधल्या पेटीतून चेंडू घेऊन आला आणि पट्टीच्या दुसऱ्या टोकाशी, पोस्टाच्या पेटीजवळ जाऊन उभा राहिला. अंतर मोजावं लागलं नाही. दोघांच्या पायांनाच ते ठाऊक होतं.

वरची खिडकी उघडली. रोझलिन ओरडली, “वेंडेल! तो हात आता शिकागोचा आहे! थंडीत फेकलास तर ते तुला मारतील आणि त्यांच्याआधी मी मारीन!”

“एकच,” वेंडेल म्हणाला.

लाइलनं उजवा हात मांड्यांच्या मधे नेला, जिथं फक्त पिचरला दिसतं. बोटं नाही दाखवली. पंजा पालथा केला आणि जमिनीवर ठेवला. थंडगार फरशीवर, दाबून. इथं.

कॉरीनला ते बाजूनं दिसलं.

वेंडेल बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिला. मग त्यानं मान हलवली. सावकाश, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. नाही.

लाइलचा हात फरशीवरच होता. बोटं लाल झाली होती. त्याच्या तोंडातून वाफ येत होती, आणि मग त्या वाफेबरोबर शब्द आले, मोठ्यानं, अडखळत.

“मग तिकडे माझं नाव घे.”

“काय?”

“शिकागोला. माझं नाव घे. मला यायचंय.”

“त्यांनी तरुण पोरगा धरलाय, लाइल. त्यांनी मला विचारलं होतं, झेलायला कोण हवा म्हणून. मी गप्प बसलो. मला वाटलं, तुला सुटायचंय.”

“मला नाही सुटायचं. तरी घे नाव. नाही म्हणाले तर नाही म्हणू देत. बाकावर बसेन. सरावाचे चेंडू झेलेन. बादल्या उचलेन. मला काम हवंय, वेंडेल. माझी पोरगी आहे, घर आहे. आणि दुसऱ्या कुणी तुला झेललेलं मला बघवणार नाही. दोन्ही खरं आहे. कुठलं जास्त, ते मला विचारू नकोस.”

वेंडेलनं डोळे बाहीनं पुसले. “हे आधी बोलला असतास, गाढवा.”

“मला वाटलं, सातवा डाव आहे.”

“ऑक्टोबरपासून?”

“लांबलेला.”

वेंडेल हसला की काय झालं, नीट कळलं नाही. खांदे हलले एवढं खरं.

“घेतो नाव,” वेंडेल म्हणाला. “संध्याकाळच्या आत फोन करतो. काही सांगता येत नाही, ऐकतील की नाही.”

“नाही ऐकलं तर नाही.”

“तुझे गुडघे?”

“माझे आहेत. मी बघेन. टाक आता, पाय गारठले.”

लाइलनं हात फरशीवरून उचलला, मांडीला पुसला, पुन्हा मधे नेला. एक बोट. सरळ, जोराचा.

वेंडेलनं होकाराची मान हलवली.

चेंडू आला तो कॉरीनला दिसलाच नाही. फक्त आवाज आला, ग्लोव्हच्या कातड्याचा, एवढा मोठा की समोरच्या झाडावरचा बर्फ सळसळून खाली आला. एल्सी कोटाच्या आत अंगभर दचकली. तिचा खालचा ओठ थरथरला. आता रडते की काय म्हणून कॉरीननं तिला छातीशी घट्ट धरलं. पण ती रडली नाही. तिनं मान बाहेर काढली आणि डोळे विस्फारून वडिलांकडे बघत राहिली. ते दुखऱ्या गुडघ्यांवर तसेच बसून होते, ग्लोव्ह मिटलेला, आणि न थांबता बोलत होते.